तिसऱ्या टेकचा भंडारा

९ ऑक्टोबर २००५
पुणे, मुलींचं वसतिगृह

अक्का,

पाकिटावर पाठवणारीचं नाव मोनाली घातलंय. माझं नाव दिसलं असतं तर तू पाकीट फोडलं नसतंस. मोनाली माझ्या खोलीत राहते, माझ्याच वर्गात आहे, तिला विचारूनच घातलं. तरी फसवणूक ती फसवणूक, म्हणून सुरुवातीलाच सांगते. मी सोजर. आता फाडायचं असेल तर फाड.

गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा तू माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. बरोबरच केलंस. अडीच वर्षांपूर्वी दौंडच्या लग्न-नोंदणीच्या कचेरीत तू आणि दाजी सकाळी दहापासून साक्षीदाराची वाट बघत बसला होतात, आणि तो साक्षीदार मी होते. येते म्हणून शब्द दिला होता. न्हावऱ्याच्या स्टँडवर मी पोचलेही होते. चौफुल्याची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली, आणि मी ज्या जीपने आले होते तिनेच निमोण्याला परत आले. तापाने पडले होते असं मी तुला कळवलं होतं. ताप नव्हता.

हे लिहायला अडीच वर्षं लागली.

मी विद्यापीठात सिनेमाचा एक वर्षाचा कोर्स करते आहे. पुस्तकी नाही, हाताने करायचा. पहिल्या दिवशीच कॅमेरा हातात देतात. कथापट कसा बांधायचा, प्रसंग कसा लावायचा, आवाज कुठून घ्यायचा, हे सगळं करून शिकायचं आणि वर्षाअखेर चौघांच्या गटाने दहा मिनिटांची गोष्ट चित्रित करून द्यायची. माझ्याकडे सुरुवातीला कंटिन्युइटीची वही दिली होती. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये माणसाने कप डाव्या हातात धरला होता की उजव्या, हे लिहून ठेवायचं. सर म्हणाले, ही मुलगी यासाठीच जन्मली आहे. वर्ग हसला.

मला वाटलं, हे मला तूच शिकवलंस. मेंढरांमागे वाड्यावर असताना, आज ह्या रानात तर उद्या त्या रानात मेंढरं बसायची, तेव्हा तू मेंढरांना खुणेला लावायच्या गेरूने पत्र्यावर अक्षरं काढायचीस आणि मला म्हणायचीस, कालचा 'क' नि आजचा 'क' एकसारखा आला पाहिजे. शाळा मला नंतर मिळाली. आधी तू मिळालीस.

बाळ झाल्याचं कळलं. मुलगा की मुलगी ते कळलं नाही. घरी विचारायची सोय नाही.

सोजर

२७ नोव्हेंबर २००५
पुणे

अक्का,

उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. त्यावर मी आणखी एक पत्र लिहिते आहे.

गटाने चार गोष्टींतून माझी गोष्ट निवडली. दिग्दर्शनही माझ्याकडेच आलं. गोष्ट एका बापाची आहे. त्याची मुलगी परगावी गेलेली असते. एवढंच आहे, त्यात विशेष काही नाही. मुलीचं नाव मंगल ठेवलंय.

बापाचं काम करायला शिरूरच्या नाटकातले एक गृहस्थ तयार झाले होते. त्यांनी तालमीत धोतर नेसून इतके हातवारे करून दाखवले की मोनाली कॅमेऱ्यामागून म्हणाली, काका, बाप आहे, सरपंचपदाचा उमेदवार नाही. ते रुसले ते परत आलेच नाहीत. सर म्हणाले, ज्याला अभिनय येत नाही असा माणूस शोधा.

मी आप्पांना विचारलं.

ओसरीवर बसले होते. त्यांनी आधी विचारलं, "लगीन कुनाचं हाय?" आपल्याकडे शूटिंग म्हणजे लग्नाचंच. मी समजावलं की गोष्ट आहे, खोटी आहे, तुम्ही फक्त मी सांगेन ते करायचं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुझी परीक्षा हाय नव्हं? मग करतो. पन मिशीला रंग लावायचा न्हाई."

आपल्याच घरात दोन दिवस शूटिंग आहे. तू नाही म्हणालीस तर करणार नाही, असं लिहिणार होते. पण कॅमेऱ्याची तारीख लागली आहे आणि तुझं उत्तर तोवर येणार नाही हे मला माहीत आहे. म्हणजे मी विचारते आहे आणि विचारत नाही. हे मला कळतं.

सोजर

१३ डिसेंबर २००५
निमोणे

अक्का,

शूटिंग झालं. पोरं काल टेप घेऊन पुण्याला गेली, मी दोन दिवस मागे राहिले.

पहिल्या दिवशी अख्खी वस्ती इस्त्रीचे कपडे घालून आली. हौसराव चुलत्यांनी तर गॉगल लावला होता. त्यांना शेणाच्या पाट्या उचलायच्या दृश्यात मागे उभं केलं, तर म्हणाले गॉगल काढणार नाही, जावयाने दिलाय. शेवटी त्यांना गोठ्याच्या भिंतीआड उभं केलं. त्यांना वाटतं ते सिनेमात आहेत. तू सांगू नकोस.

आईची मोठी पंचाईत झाली. ती बापाच्या मागे चुलीपाशी बसलेली दिसते. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुढे चालू होता, तर ती वेगळं लुगडं नेसून बसली. मी म्हटलं, आई, कालचंच पाहिजे. ती म्हणाली, "व्हय? म्हंजी लोकांनी म्हनावं रतनबाईला दुसरं लुगडं न्हाई?" अर्धा तास गेला. कालचं लुगडं धुतलेलं, वाळत घातलेलं, ओलं. तिने ते ओलंच नेसलं, आणि बोलली नाही माझ्याशी दिवसभर.

आप्पांचा प्रसंग चांगला झाला. तीन टेक झाले. ते थोडे दमले, बाकी ठीक आहेत.

एक गोष्ट लिहायची होती, पण राहू दे.

सोजर

८ जानेवारी २००६
निमोणे

अक्का,

मागच्या पत्रात आप्पा ठीक आहेत असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. आज सगळं लिहिणार आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे मला काही गाळता येणार नाही.

माझ्या गोष्टीतली मंगल नुसती परगावी गेलेली नाही. तिने जातीबाहेर लग्न केलंय. बाप पंचांपुढे बिरोबाचा भंडारा, देवाची हळद, हातावर घेतो आणि म्हणतो, "भंडाऱ्याची आन हाय, त्या पोरीच्या घरचं पानी मी पिनार न्हाई."

हे वाक्य मी लिहिलं.

आप्पा असं कधी म्हणाले नव्हते. तू गेलीस त्या रात्री ते एवढंच बोलले होते, "इचारलं असतं तर न्हाई म्हनलो असतो. पन इचारायचं तरी." त्यानंतर तुझा विषय त्यांनी काढला नाही. मला ते गोष्टीसाठी पुरेसं वाटलं नाही. सरांनी वहीत शेरा मारला होता, बापाचा राग दिसत नाही. मग मला पाणी सुचलं. वाड्या-वस्त्यांवर ऐकलेलं होतंच कुठेतरी. दाजींच्या माणसांना ते कुठे कुठे ऐकावं लागलं असेल, हे लिहिताना माझ्या मनात आलंच नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. आलं होतं. मी म्हटलं, गोष्ट आहे.

पहिले दोन टेक घरातल्या हळदीवर केले. मोनालीने कॅमेऱ्यात बघून सांगितलं, हळद चिखलासारखी दिसतेय, उठाव येत नाही. मी देव्हाऱ्यातला भंडारा आणला. आप्पा म्हणाले, "देवाचा कशापायी? घरातली हळद चालंल की."

मी म्हटलं, "आप्पा, नीट दिसत नाही हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. तळहातावर किती भंडारा होता, ते पुढच्या शॉटला सारखं यायला हवं म्हणून मी तो दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही. मीच घातला, चिमटीने मोजून.

तिसरा टेक सुरू झाला. ते वाक्य त्यांनी म्हटलं. मोठ्याने नाही, चढ्या आवाजात नाही. मग हात कपाळाला लावला, खाली घेतला, आणि तळहाताकडे बघत उभे राहिले. ते गोष्टीत लिहिलेलं नव्हतं. त्यांचा खालचा ओठ हलत होता. आपण लहान असताना कोकरू मेलं की जसा हलायचा तसा.

सरांनी शिकवलंय, माणसाचं वाक्य संपलं की लगेच कट म्हणायचं नाही, मनात तीन मोजायचे. अक्का, मी अकरा मोजले. काय झालंय ते मला दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यालाच कळलं होतं. मी थांबवलं नाही, कारण ते फार चांगलं होत होतं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला वाटलं दमले. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा आईने मला गोठ्यात नेलं आणि चाऱ्याच्या मागे ठेवलेली पिशवी दाखवली. तिच्यात छोटंसं घोंगडं होतं, हातभर. कोकरांची पहिली लोकर त्यांनी दोन वर्षं साठवली होती आणि ते विणून आणलं होतं. दाजींनी बारशाचं कार्ड पाठवलं होतं ना, तेही त्याच पिशवीत. आई म्हणाली, संक्रांत झाली की ते दौंडला जाणार होते. न्हावऱ्याहून चौफुला, चौफुल्याहून दौंड, गाड्यांच्या वेळा सोसायटीच्या क्लार्ककडून लिहून घेतल्या होत्या. तुला सांगायचं नव्हतं. एकदम दारात उभे राहणार होते.

आता जाणार नाहीत.

मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं की ते खोटं होतं, आप्पा, ती गोष्ट होती, तुम्ही मंगलबद्दल बोललात, मंगल म्हणून कुणी नाहीच.

ते म्हणाले, "तोंडानं मंगल म्हनलो, पोरी. डोळ्याम्होरं कोन हुतं?"

मी म्हटलं, ती टेप पुसून टाकते.

"पूस की. भंडारा कसा पुसशील?"

कार्डावरून बाळाचं नाव मला वाचता आलं असतं. मी वाचलं नाही. तू सांगशील तेव्हाच कळू दे.

सोजर

२४ जानेवारी २००६
निमोणे

अक्का,

तुझं कार्ड वसतिगृहावर आलं, मोनालीने फोनवर वाचून दाखवलं. "तुझ्या सिनेमात मी मेले नाही एवढं तरी बरं. चांगुणा." पुन्हा वाचायला लावलं मी तिला. अक्षर कसं आहे विचारलं. ती म्हणाली, छापल्यासारखं.

मध्यंतरी पुण्याला गेले होते तेव्हा मोनालीशी माझं जे बोलणं झालं ते तुला सांगायला हवं, कारण ती दाजींच्याच समाजातली आहे आणि मी तिला हे कधीच विचारलं नव्हतं. मी रडत म्हटलं की ते वाक्य मी लिहायला नको होतं. ती टेपच्या डब्या लावत होती. म्हणाली, "तुला आत्ता आठवलं होय? मला पहिल्या वाचनालाच आठवलं होतं. तरी फोकस धरला ना मी. हात हलू दिला नाही."

मी म्हटलं, प्रसंग काढून टाकू.

"का? खोटं आहे म्हणून? तुझ्या आप्पांचं नसेल. माझ्या आजीला ओंजळीत वरून पाणी घालायचे, तिला नव्हतं ना खोटं. ठेव तो. आणि खाली तुझं नाव घाल, लेखक म्हणून, मोठ्या अक्षरात."

सरांना तो प्रसंग सगळ्यात जास्त आवडला. तो काढला तर गोष्टच उरत नाही, आणि गुण चौघांचे आहेत, माझ्या एकटीचे नाहीत. मी प्रसंग ठेवला आहे. कोर्ससाठी जमा करू, पण तू आणि दाजी हो म्हणाल्याशिवाय बाहेर कुठेही दाखवायचा नाही, असं चौघांच्या सहीने लिहून घेतलंय. एवढंच माझ्या हातात होतं.

आता दुसरी गोष्ट. रविवारी मी आणि आप्पा पोपटमामाकडे गेलो. आपल्या बिरोबाची पूजा सध्या त्यांच्याकडे आहे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा हसले, मग आप्पांचं तोंड बघून नीट मांडी घालून बसले. म्हणाले, आपल्यात रीत आहे. चुकून उचललेला भंडारा उतरतो. पण हवेत उतरत नाही. ज्याने हातावर घातला त्याच्या पदरात तो परत पडायला लागतो, आणि आन त्याच्या अंगावर जाते.

आप्पा उठले. म्हणाले, "चल ग. नगं आपल्याला."

मामा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या तुमच्याच हातावर, पाव्हनं. नातू मोठा हुईल, तवा लांबून बघा."

म्हणजे मुलगा आहे. माफ कर, मला असं कळलं.

मी ओढणी पसरली. आप्पांच्या हातावर मामांनी भंडारा घातला. त्यांनी हात उलटा करायला हवा होता, ते करेनात. मी सवयीने मनात मोजत होते. तीन झाले, अकरा झाले. तीसच्या पुढे मी मोजणं सोडलं आणि म्हटलं, "आप्पा, मीच घातला होता. द्या."

त्यांनी हात उलटा केला.

परत येताना टेम्पोत ते माझ्याशेजारी बसले होते. ओढणीची गाठ मी मांडीवर धरली होती. न्हावऱ्याच्या चौकात त्यांनी विचारलं, "दौंडची गाडी हिथंच लागती ना?" तुझ्या लग्नाच्या दिवशी मी जिथून परत फिरले, बरोबर तिथेच.

सोजर

३१ जानेवारी २००६
निमोणे

अक्का,

आप्पा येत्या रविवारी, पाच तारखेला येताहेत. साडेअकरापर्यंत तुमच्या क्वार्टरवर पोचतील. अचानक दारात उभं राहायचं असं त्यांच्या मनात आहे, तेव्हा तुला माहीत आहे असं दाखवू नकोस.

गेल्यागेल्या पाणी दे. चहाचं मागाहून बघ. ते आधी नको म्हणतील, कारण ते सगळीकडेच आधी नको म्हणतात, त्याचा दुसरा अर्थ काढू नका. दाजींना हे नक्की सांग. तांब्या पुढे ठेव आणि आत जा. ते पितील. आणखी मागितलं तर समज की त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं.

मी त्यांच्याबरोबर दौंडपर्यंत येणार आहे, घरी येणार नाही.

मोनाली म्हणते, असलं काही मानू नकोस, सरळ जा आणि गटागटा पाणी पी. मी मानते की नाही हे मलाच कळत नाही. बहुतेक मानत नाही. पण आप्पा मानतात. मी तुझ्याकडे पाणी प्यायले तर आन मोडली, ती परत माझ्याकडून त्यांच्याकडे आली, असं ते धरून बसतील, आणि पुढच्या वेळी येणार नाहीत. मग तुझ्या घरात येऊन पाण्याला नको म्हणू? दाजींच्या समोर, आपल्या घरातल्या मुलीने? ते वाक्य लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती. करून दाखवणार नाही.

मामांना विचारलं, हे कधीपर्यंत. ते म्हणाले, माहीत नाही, आजवर कुणी घेतलंच नव्हतं.

तर मी स्टेशनवर बसेन. पुलाच्या जिन्याखाली पहिला बाक आहे. तुझ्या लग्नाच्या दिवशी तिथपर्यंतही आले नव्हते, म्हणून हे थोडं तरी जास्त आहे. आप्पा परत आले की चारची गाडी धरू. मुलाला बाहेर आणायचं की नाही ते तू ठरव, मी मागणार नाही. आणलंस तर त्याचं नाव तूच सांग.

माझ्यासाठी घरातून काही पाठवू नकोस. स्टेशनवर नळ आहे.

तुझी सोजर